आज्ञावलीचा फिरता संसार : लिनक्सवरील कंटेनर

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा कोयता, भांडीकुंडी, अंथरूण, बाजरी असा सारा संसार बरोबर नेतात. जागा व पाणी कारखान्याकडील. प्रत्येक कोपीतील संसार मात्र ज्याचा त्याचा. संगणक क्षेत्रातील ‘कंटेनर’ ही पद्धती समजण्यास हा परिचित दाखला उपयोगी पडेल.

एका संगणकावर उत्तम चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर बंद पडते, हा संगणक अभियंत्यांचा नेहमीचा अनुभव होय. प्रत्येक आज्ञावलीस ठरावीक आवृत्तीच्या अनेक साहाय्यक आज्ञावल्या लागतात. बीडमध्ये तयार झालेली आज्ञावली मुंबईच्या संगणकावर अडली, तर दोष शोधण्यात दिवस जातात आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास हेलपाटे पडतात.

कंटेनरमध्ये आज्ञावली व तिची साहाय्यक सामग्री एकत्र बांधलेली असते. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीचा गाभा तेवढा सर्व कंटेनरांना सामाईक असतो. प्रत्येकासाठी स्वतंत्र कार्यप्रणाली चालवावी लागत नसल्याने कंटेनर काही क्षणांत सुरू होतो व स्मृतीही कमी लागते. एकाचे व्यवहार दुसऱ्यास दिसू नयेत, अशी सोय लिनक्समध्ये २००२ पासून टप्प्याटप्प्याने झाली. प्रत्येकाचा स्मृतीचा व प्रक्रियकाचा वाटा ठरविण्याची सोय २००८ मध्ये आली. २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन उपलब्ध झाल्यावर ही पद्धती सर्वत्र पसरली.

तथापि, काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. कंटेनर काढून टाकला की त्यात साठविलेल्या नोंदीही जातात; म्हणून त्या बाहेर, स्वतंत्र जागी ठेवून त्यांच्या प्रती काढाव्यात. गाभा सामाईक असल्याने त्यातील दोष सर्वांनाच बाधतो. तो वेळच्या वेळी अद्ययावत करावा. अनोळखी ठिकाणचे तयार कंटेनर वापरू नयेत.

शासकीय कामाच्या दृष्टीने आणखी एक लाभ मोलाचा आहे. कंटेनर कसा बांधावा, याच्या सूचना एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये क्रमवार लिहिलेल्या असतात. जाणत्या कर्मचाऱ्याची बदली झाली, तरी त्या सूचनांवरून नवा कर्मचारी तीच व्यवस्था पुन्हा उभी करू शकतो. लिनक्स विनामूल्य असून साध्या संगणकावरही चालते. त्यामुळे अंबाजोगाई वा गेवराई येथील विद्यार्थ्यासही हे तंत्र आपल्या गावीच शिकता येईल.