खाणीच्या ओल्या भिंतीवरचे सोनेरी खडे

स्वयंपाकघरातील शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि तो लगेच पुसला नाही, तर तेथे पांढुरका डाग पडतो. गृहिणी तो डाग कितीही घासो, तो जात नाही. कारण तो वर बसलेला मळ नसतो. तेथला दगडच आम्लाने खाल्लेला असतो. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. चुनखडी, संगमरवर, शिंपला, अंड्याचे टरफल ही सारी एकाच कुळातली. त्या कुळाचे नाव कार्बोनेट. कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू यांचा गट एखाद्या धातूबरोबर बांधला गेला की कार्बोनेट तयार होते. त्यावर आम्ल पडले की तो गट फुटतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी रानात हिंडताना सौम्य आम्लाची बाटली जवळ बाळगतात ती याच परीक्षेसाठी.

इतक्या घरगुती कुळात आता नवे काय सापडायचे राहिले, असे कोणासही वाटेल. परंतु २०१७ साली ‘जिऑलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात एका नव्या कार्बोनेट खनिजाची माहिती प्रसिद्ध झाली आणि खनिजशास्त्राचे जग चकित झाले. तोवर माहीत असलेल्या साऱ्या खनिजांत याची रचना सर्वांत गुंतागुंतीची निघाली. ते सापडले चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह परिसरात, प्लावनो नावाच्या जुन्या खाणीत. त्याचे नाव यूइंगाइट. हे खनिज कसे घडले, ते ‘नवे’ आहे हे कोणी व कसे ठरविले, आणि ज्या भिंतीवर ते उगवले ती भिंत कोणी खणली, हे तिन्ही प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉलरचे आजोळ

याखिमोव्ह हे जर्मनीच्या सरहद्दीलगतच्या डोंगरातले लहानसे गाव. त्याचे जुने जर्मन नाव योआखिमस्थाल. १५१६ साली तेथे चांदी सापडली म्हणून वस्ती वाढली. त्या चांदीची नाणी पाडली गेली, त्यांना लोक ‘थालर’ म्हणू लागले. त्याच शब्दावरून पुढे ‘डॉलर’ हा शब्द आला.

चांदी काढताना खाणकामगारांना एक काळा, जड दगड वारंवार लागे. तो निरुपयोगी म्हणून फेकून दिला जाई. त्याला पिचब्लेंड म्हणत. १७८९ साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिचब्लेंडमध्ये युरेनियम हे मूलद्रव्य ओळखले. पुढे त्या दगडापासून काचेला पिवळा-हिरवा रंग देणारे पदार्थ याखिमोव्हलाच बनू लागले. रंग काढून उरलेला कित्येक टन चोथा मारी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने पॅरिसला मागवून घेतला. त्यांनी १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध जाहीर केला, तर १९०२ साली मारीबाईंनी त्या ढिगाऱ्यातून एका ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग शुद्ध रेडियम क्लोराइड वेगळे केले. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूत केवढे मोल असू शकते, याचे हे मोठे उदाहरण होय.

पाणी, हवा आणि वेळ

खडकाच्या पोटात असेपर्यंत युरेनियमचे खनिज सहसा पाण्यात विरघळत नाही. पण माणूस खाण खणतो, तेव्हा तो आत हवा नेतो. हवेतील ऑक्सिजनमुळे युरेनियमचे रूप पालटते. लोखंडाला गंज चढावा तसाच हा प्रकार. पालटलेल्या या रूपाला युरेनिल म्हणतात आणि ते पाण्यात सहज विरघळते. झिरपणारे पाणी आसपासच्या खडकांतील कार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियमही बरोबर घेते. असे पाणी बोगद्याच्या भिंतीवर पाझरते आणि हळूहळू सुकते. विहिरीच्या कठड्यावर किंवा जुन्या मातीच्या माठावर जसा क्षारांचा थर धरतो, तसे तेथे रंगीत स्फटिक धरू लागतात.

यूइंगाइट असेच ओल्या भिंतीवर धरले. रंगाने सोनेरी पिवळे, पण आकाराने इतके बारीक की भिंगाशिवाय त्याचा घाट कळू नये. म्हणजे हे खनिज निसर्गानेच घडविले, पण त्यासाठी लागणारा आडोसा माणसाने खणून दिला. अशी खनिजे थोडी नाहीत. २०१७ साली अमेरिकेतील रॉबर्ट हेझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा माणसाच्या कामामुळे घडलेली २०८ खनिजे त्यांच्या यादीत आली. त्यांतील पुष्कळशी खाणींत व खाणींच्या टाकाऊ ढिगांवर सापडलेली आहेत.

नवे आहे, हे कोणी ठरवायचे?

येथे विद्यार्थी वाचकांनी जरा थांबून लक्ष द्यावे. एखादा दगड पूर्वी कोणी पाहिला नाही, एवढ्याने तो ‘नवा’ ठरत नाही. सापडवणारा कितीही मोठा प्राध्यापक असो, त्याच्या शब्दाला येथे किंमत नाही. किंमत आहे ती पुराव्याला.

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा एक आयोग १९५९ सालापासून हे काम पाहतो. त्याच्याकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. खनिजात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत, त्यांच्या अणूंची मांडणी कशी आहे, रंग, कठीणपणा, घनता किती, प्रकाश त्यातून कसा जातो, ते कोठे व कोणत्या खनिजांच्या सोबतीने सापडले, हे सारे त्यात मांडावे लागते. मग निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी ते तपासून मतदान करतात. ज्या नमुन्यावर अभ्यास झाला तो नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. उद्या कोणाला शंका आली तर त्याला तो पुन्हा तपासता यावा, हा त्यामागचा हेतू. शिवाय शोधणाऱ्याला खनिजास स्वतःचे नाव देता येत नाही. आजवर सहा हजारांच्या आसपास खनिजे या कसोटीला उतरली आहेत.

यूइंगाइटची कसोटी मात्र फार अवघड गेली. खनिजातील अणूंची मांडणी डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. त्यासाठी स्फटिकावर क्ष-किरण सोडतात. अणूंच्या रांगांवर आपटून ते ठरावीक दिशांना फाकतात. त्या फाकण्यावरून गणिताने आतली मांडणी काढता येते. ही विद्या १९१२-१३ साली लाऊए आणि ब्रॅग पितापुत्रांनी जगाला दिली. परंतु यूइंगाइटचे स्फटिक इतके लहान आणि आतली रचना इतकी पसरट की साध्या यंत्राचे किरण अपुरे पडले. तेव्हा अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेतील सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राचे अतिप्रखर क्ष-किरण वापरावे लागले. प्रागचे याकुब प्लाशिल, नोत्र दाम विद्यापीठातील पीटर बर्न्स, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाचे अँथनी कॅम्फ आणि इतर अभ्यासक या कामात होते. या निबंधावर पहिले नाव मात्र ट्रॅव्हिस ओल्ड्स यांचे आहे, आणि हे काम चालू होते तेव्हा ते संशोधक विद्यार्थी होते. आमच्या तरुण वाचकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

पिंजऱ्यांची वीण

आपल्या घरातले मीठ घ्या. त्याची आतली रचना चटईसारखी साधी. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, असा एकच नमुना सर्व बाजूंना. एक घर समजले की सारे मीठ समजले. यूइंगाइटचे तसे नाही. त्यात युरेनियमचे २४ अणू आणि कार्बोनेटचे गट मिळून एक पोकळ पिंजरा तयार होतो. असे पिंजरे ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्या आत व अधल्यामधल्या जागेत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाणी बसते. त्याचे रासायनिक सूत्र शब्दांत मांडायचे तर ८ मॅग्नेशियम, ८ कॅल्शियम, २४ युरेनिल, ३० कार्बोनेट, शिवाय थोडे ऑक्सिजन व हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे तब्बल १३८ रेणू! मिठात जो नमुना अर्ध्या नॅनोमीटरवर पुन्हा सुरू होतो, तो येथे एका बाजूने साडेतीन आणि दुसऱ्या बाजूने पावणेपाच नॅनोमीटर गेल्यावर सुरू होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आपल्या बोअरवेलशी काय संबंध?

या खनिजाला रॉडनी यूइंग (१९४६–२०२४) या अमेरिकन शास्त्रज्ञांचे नाव दिले आहे. अणुभट्ट्यांतून निघणारा किरणोत्सारी कचरा हजारो वर्षे सुरक्षित कसा ठेवावा, या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर काम केले. नाव योग्यच दिले गेले. कारण युरेनियम आणि कार्बोनेट यांची मैत्री हाच त्या प्रश्नाचा एक गाभा आहे. पाण्यात कार्बोनेट असले की ते युरेनियमला धरून ठेवते आणि दूरवर वाहून नेते. ही जोडी कोठे विरघळते आणि कोठे घट्ट होऊन बसते, हे कळल्याशिवाय कचरा पुरण्याची जागा ठरविता येणार नाही.

हा प्रश्न परदेशातलाच आहे असे समजू नये. आपल्या देशातील १६ राज्यांच्या भूजलात काही ठिकाणी युरेनियमचे प्रमाण जास्त असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्याचे मूळ मुख्यतः खडकातच आहे. परंतु पाण्यातील बायकार्बोनेट, भूजलाचा बेसुमार उपसा आणि नायट्रेटचे प्रदूषण यांनी ते वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. त्याहून जास्त युरेनियम दीर्घकाळ पोटात गेल्यास प्रामुख्याने मूत्रपिंडांना धोका असतो. पाणी उकळल्याने ते जात नाही, हे माता-भगिनींनी ध्यानात ठेवावे. खोल बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या वस्तीने ते तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

समता आणि बंधुता नावाच्या खाणी

आता शेवटचा प्रश्न. त्या भिंती कोणी खणल्या?

याखिमोव्हला १५२७ पासून काही वर्षे गेओर्ग आग्रिकोला नावाचे वैद्य होते. त्यांचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. खाणीतल्या धुळीने फुप्फुसे कुजतात, आणि कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या भागात एकेका बाईला सात-सात नवरे या रोगापायी गमवावे लागले, असे त्यांनी नोंदविले आहे. जवळच्या श्नेबेर्ग येथील खाणकामगारांचा हा आजार फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ साली दोन डॉक्टरांनी दाखविले. त्यामागे युरेनियमपासून निघणारा रेडॉन वायू आहे, हे कळायला आणखी काळ गेला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या बोगद्यांत श्वास घेत राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबची स्पर्धा लागली आणि याखिमोव्हचे युरेनियम सोव्हिएत रशियाकडे जाऊ लागले. ते काढण्यासाठी आधी जर्मन युद्धकैदी आणि १९४९ पासून देशातलेच राजकीय कैदी जुंपले गेले. या सक्तमजुरीच्या छावण्या १९६१ पर्यंत चालल्या. एका ठिकाणी लाल विटांच्या मनोऱ्यात कैद्यांना धातुक भरडून पिंपांत भरावे लागे. कसलेही संरक्षण नसे. कैद्यांनी त्याला ‘मृत्यूचा मनोरा’ म्हटले.

आणि त्या खाणींची व छावण्यांची नावे काय होती? एक ‘रोव्नोस्त’, म्हणजे समता. दुसरी ‘ब्रात्रस्त्वी’, म्हणजे बंधुता. तिसरी ‘स्वोर्नोस्त’, म्हणजे एकोपा. संविधानाच्या उद्देशिकेतून समता व बंधुता हे शब्द ज्यांच्या घरात पोचले, त्या आमच्या वाचकांना येथे वेगळे भाष्य नको. फाटकावर शब्द लिहिल्याने ते खरे होत नाहीत. फाटकाच्या आत माणसाला कसे वागविले जाते, यावरून ते पारखायचे असतात. उद्देशिकेत या दोन शब्दांच्या आधी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आहे. तो वगळला तर उरलेल्या दोहोंचे काय होते, हे याखिमोव्हने दाखवून दिले.

२०१९ साली याखिमोव्हचा खाणपरिसर आणि तो मनोरा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ही बरी गोष्ट झाली.

विज्ञानाने एका बारीक स्फटिकासाठी केवढी काळजी घेतली ती आपण पाहिली. त्याचे माप घेतले, त्याला नाव दिले, त्याचे ठिकाण नोंदले, पुढच्या पिढीला तपासता यावा म्हणून नमुना जपला. ही काळजी योग्यच आहे आणि आपल्या मुलामुलींनी ती शिस्त जरूर शिकावी. कोणाच्याही शब्दावर न विसंबता पुरावा मागावा आणि स्वतःचा पुरावा इतरांना तपासू द्यावा. त्याचबरोबर ज्यांच्या कुदळीमुळे ती भिंत उघडी पडली, त्यांचीही अशीच नोंद व्हावी, नावानिशी आणि ठिकाणानिशी, असे आम्हांस वाटते. खनिजाला सूत्र मिळाले. माणसांना निदान नाव तरी मिळाले पाहिजे.