बोलींच्या नकाशातील रेषाभरण

बोलींचा नकाशा पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते. सूची तो मागाहून वाचतो. म्हणून एखादा प्रदेश कशाने भरावा हा प्रश्न केवळ सजावटीचा नव्हे, तो विवेचनाचाही आहे. एका क्षेत्रास एकच सपाट रंग दिला, की तेथे एकच बोली नांदते असे विधान नकाशाकाराने न बोलता केलेले असते.

हे विधान नाहूरसारख्या ठिकाणी टिकत नाही. मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्यामध्ये २००६ साली नाहूर स्थानक सुरू झाले. या पट्ट्यात खाडीकाठच्या जुन्या वस्त्यांतील आगरी व कोळी बोली, कोकणातून व देशावरून आलेल्या कुटुंबांची मराठी, आणि शिवाय गुजराती, हिंदी व तमिळ कानी पडतात. अशा जागी दोन रंग एकावर एक दिल्यास तिसराच रंग उत्पन्न होतो व तो सूचीत सापडत नाही. तिरप्या रेषांचे तसे नाही. एका बोलीस उजवीकडे व दुसरीस डावीकडे झुकणाऱ्या रेषा दिल्या, तर जाळी दिसते आणि दोन्ही थर वेगळे वाचता येतात.

संगणकावरील व्हेक्टर चित्रणात या रेषा एकेक काढाव्या लागत नाहीत. छिपी ज्याप्रमाणे एकच लाकडी ठसा कापडभर उमटवीत जातो, त्याप्रमाणे एका चौकटीतील लहान आकृती संपूर्ण क्षेत्रभर पुनरावृत्त होते. यास ‘पॅटर्न फिल’ म्हणतात. ठसा बदलला की सर्व भरण बदलते, हा त्याचा मोठा लाभ होय. तथापि त्यात तीन दोष संभवतात.

पहिला दोष मापाचा. २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या चित्रस्वरूपात ठशाचे माप दोन रीतींनी सांगता येते : भरावयाच्या आकृतीच्या प्रमाणात, अथवा पृष्ठाच्या मोजमापात. काहीच न सांगितल्यास पहिली रीत गृहीत धरली जाते. समजा, कागदावर पुणे जिल्हा ८० मिलिमीटर व मुंबई उपनगर जिल्हा ८ मिलिमीटर रुंद आहे आणि ठसा रुंदीच्या दशांशाइतका आहे. मग पुण्यात रेषांमधील अंतर ८ मिलिमीटर, तर उपनगरात अवघे ०.८ मिलिमीटर होईल. बोली एकच असूनही उपनगर गडद दिसेल, आणि तेथे ती अधिक बोलली जाते असा वाचकाचा समज होईल. म्हणून माप पृष्ठाच्या परिमाणातच द्यावे.

उपनगराचा भाग चौपट मोठा करून नकाशाच्या कोपऱ्यात दाखवितानाही हीच काळजी घ्यावी लागते. इंकस्केपमध्ये आकृतीबरोबर भरणही मोठी व्हावी की नाही, हे ठरविण्याची सोय आहे. ती येथे बंद ठेवावी, अन्यथा रेषा विरळ व जाड होऊन सूचीशी जुळत नाहीत.

दुसरा दोष सांध्याचा. चौकटीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेषा काढल्यास तिची जाडी कडेला छाटली जाते व प्रत्येक सांध्यावर खाच दिसते. त्यापेक्षा ठशात उभी रेषा काढून संपूर्ण भरणच ४५ अंशांनी फिरविणे श्रेयस्कर.

तिसरा दोष पार्श्वभूमीचा. ठशाची भूमी पांढरी रंगविली असेल, तर वरचा थर खालच्या बोलीस झाकून टाकतो. ती पारदर्शकच असली पाहिजे.

जाळीलाही मर्यादा आहे. दोन थर वाचता येतात, तिसरा कष्टाने, चौथ्यापुढे केवळ काळिमा उरतो. नाहूरच्या सर्व भाषा एका भरणीत बसणार नाहीत. तेथे बिंदूंचा अथवा स्वतंत्र नकाशांचा आश्रय घ्यावा लागेल. रेषा कोणत्या कोनात व किती अंतरावर असाव्यात हे यंत्र अचूक पाळते. परंतु कोणती बोली दाखवावी आणि कोणती झाकली जात आहे, हे पाहण्याचे उत्तरदायित्व अभ्यासकाचेच राहते.