पाणबुड्याचं घड्याळ घेताना

दुकानातल्या मुलाकडे मी पाणी मागितलं तेव्हा त्याला वाटलं, मला तहान लागली आहे. त्याने अदबीने ग्लास पुढे केला. मी त्यात दोन बोटं बुडवली आणि ओल्या बोटांनी समोरच्या घड्याळाची कडी फिरवायला घेतली. तो दचकलाच. शेजारी बसलेली माझी पत्नी काचेबाहेरची रहदारी बघू लागली. अशा वेळी ती मला ओळखत नाही.

पण मला सांगा, घड्याळ पाणबुड्यांसाठी बनवलेलं. ज्याला 'डाइव्ह वॉच' म्हणतात ते. एसीत बसून कोरड्या बोटांनी ते तपासलं तर कळणार काय? आणि वस्तू छोट्या मोटारीच्या किमतीची. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशांतून मी ठरवून तेवढी रक्कम बाजूला काढली होती, आणि पुन्हा असा योग येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लागोपाठ तीन शनिवार मुंबईतल्या चार दुकानांत हिंडलो. त्या हिंडण्यात जे शिकलो ते सांगतो.

हे घड्याळ मुळात आलं कुठून, ते आधी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात उतरण्याचा छंद युरोपात वाढला. ब्लाँपँ या स्विस कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्तर स्वतः हौशी पाणबुडे होते. एकदा पाण्याखाली त्यांना वेळेचं भान राहिलं नाही आणि जवळची हवा संपली. जिवावरचं थोडक्यात निभावलं. पाण्याखाली भरवशाने वेळ दाखवणारं घड्याळ हवंच, हे त्यांच्या मनाने घेतलं. फ्रेंच सैन्यातले रोबेर मालुबिए आपल्या पाणबुड्यांच्या पथकासाठी असंच काही शोधत होते. १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' तयार झालं. फॅदम म्हणजे आपला वाव, दोन्ही हात पसरले की होते ती लांबी. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सची सबमरिनरही त्याच सालची, १०० मीटरपर्यंत चालणारी.

१९८०च्या दशकात डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि या घड्याळाचं मूळ काम संपत गेलं. आज पाण्यात उतरणारा माणूस तो कॉम्प्युटर बघतो. घड्याळ असलंच तर जोडीला. तेव्हा गरज म्हणून हे घड्याळ कुणी घेत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करावं. माझ्या बाबतीत दोष १९९५च्या 'गोल्डनआय'चा. त्यात पिअर्स ब्रॉस्ननच्या मनगटावर निळ्या तबकडीचं ओमेगा सीमास्टर होतं. चित्रपटाची गोष्ट विसरलो, घड्याळ लक्षात राहिलं.

आता तबकडीवरच्या आकड्याकडे येऊ. '३०० मीटर' असं लिहिलेलं असतं. हौशी पाणबुडे ४० मीटरच्या खाली जात नाहीत, मग ३०० कशाला? पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३०० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोंच्या आसपास भार येतो. तेवढा दाब घड्याळाने कारखान्यात, नवं असताना सोसलेला असतो. आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक तर लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाब द्यायला सांगतं. पण पाणी आत येऊ न देण्याचं खरं काम रबरी गॅस्केटं करतात, आणि रबर म्हातारं होतं. साबण, गरम पाणी, उन्हाळे यांनी ते कडक पडतं. म्हणजे तो आकडा नव्या घड्याळाचा, दहा वर्षं वापरलेल्याचा नव्हे. आणि साध्या घड्याळावर '३० मीटर' असेल तर ते घालून पोहायलाही जाऊ नये. पाऊस आणि हात धुणं एवढीच त्याची मजल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या पगारातून घेतलेलं माझं एक घड्याळ होतं, १०० मीटरचं. तारकर्लीला त्याच्यासह समुद्रात उतरलो. वेळ लावण्यासाठी सकाळी चावी बाहेर ओढली होती, ती नुसती आत ढकलली, आट्यांवर फिरवून घट्ट केली नव्हती. बाहेर आलो तेव्हा काचेच्या आत धुकं. खारं पाणी, दोनच दिवसांत आतली यंत्रणा गंजली. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून कुठलंही घड्याळ हातात आलं की मी प्रथम चावी तपासतो. तिचे आटे लोण्यासारखे धरले पाहिजेत. एकदा अडखळले, तर दुसरा नग मागावा. डोळे मिटून तीन-चारदा उघडबंद करून बघावी. बोटांना कळतं.

मग ती कडी, बेझल. काचेभोवतीची ही आकड्यांची कडी एकाच दिशेने फिरते, आणि त्यामागे मोठा विचार आहे. पाण्यात उतरताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कडीवरच्या ज्या आकड्यापाशी जाईल तितकी मिनिटं झाली. खडकाला धक्का लागून कडी सरकलीच, तर झालेली वेळ जास्त दिसते, कमी कधीच नाही. म्हणजे चूक झाली तरी माणूस लवकर वर येतो. कुठे या कडीला ६० खटके असतात, कुठे १२०. ओल्या बोटांना कडा धरता येतात का, खटका बसल्यावर कडी मागेपुढे डुलते का, हे चित्रात कधीच दिसत नाही. त्या पेल्यातल्या पाण्यात दोन घड्याळं नापास झाली. दोन्ही देखणी होती.

अंधाराची परीक्षा सोपी. दिव्याखाली मिनिटभर धरायचं, मग दोन्ही हातांची ओंजळ करून आत डोकावायचं. काही घड्याळांत मिनिटकाटा आणि कडीवरची खूण एका रंगाने चमकतात, बाकी सगळं दुसऱ्या. पाण्याखाली तासांशी कर्तव्य नसतं, मिनिटांशी असतं, म्हणून.

एका विक्रेत्याने मला हेलियमच्या झडपेचं फार कौतुक सांगितलं. ही झडप आहे खरी, पण कुणासाठी? बॉम्बे हायसारख्या तेलक्षेत्रांत समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे कित्येक दिवस दाबाखालच्या खोलीत राहतात आणि हेलियममिश्रित हवा घेतात. हेलियमचे अणू इतके बारीक, की घड्याळात शिरतात. दाब उतरवताना त्यांना वाट मिळाली नाही, तर काच उडते. ठाण्याला राहून लोकलने फिरणाऱ्या माणसाला हा धोका नाही. त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

आणि आता मनगट. सगळं इथेच ठरलं. जे निळं सीमास्टर मनात घेऊन मी निघालो होतो, ते आता ४२ मिलिमीटरचं येतं. कागदावर ठीक वाटलं होतं. पण घड्याळाची रुंदी सांगतात ती नुसत्या डब्याची. पट्टा ज्यांत अडकतो त्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी वेगळी, ती इथे ५० मिलिमीटरच्या आसपास. माझ्या मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर. कान थेट मनगटाच्या दोन्ही कडांना जाऊन टेकले. मी हात जवळ धरून, दूर नेऊन, बाहीखाली सारून पाहिलं. मुलगा म्हणाला, "सर, हल्ली मोठीच चालतात." हिने चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "अहो, मनगटावर वाटी उपडी घातल्यासारखी दिसतेय." घड्याळात खोट नव्हती, मनगटात होती. इतक्या वर्षांची इच्छा अशी काउंटरवर काढून ठेवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा आरशात, थोडं लांबून बघा. बरोबर स्पष्ट बोलणारं माणूस असू द्या. आणि शक्यतो दुपारी, जरा चालून गेल्यावर जा. आपल्या दमट हवेत हात सुजतो, सकाळी सैल वाटणारा पट्टा संध्याकाळी रुततो. म्हणून पट्टा जिथे मिटतो ती घडीही उघडून बघा. काही घड्याळांत तिथेच पट्टा चिमूटभर सैल-घट्ट करता येतो. रोलेक्सच्या सबमरिनरमध्ये २-२ मिलिमीटरने करता येतो, हत्यार लागत नाही. मुळात पाणबुडी पोशाखावरून घड्याळ बांधता यावं म्हणून काढलेली ही युक्ती मुंबईच्या मे महिन्यात फार उपयोगी आहे.

एका दुकानात वेगळाच अनुभव आला. कपाटातलं घड्याळ मागितलं तर कळलं, ते फक्त दाखवायला ठेवलंय. नाव नोंदवा, निरोप येईल. कधी, ते सांगता येत नाही. आधी काही दागिने घेतलेत तर बरं, असंही सूचकपणे कानावर घातलं गेलं. मी नाव न नोंदवता उठलो. पैसे आपले, आणि अर्ज करायचा आपणच!

शेवटी घेतलं ते ३९ मिलिमीटरचं ट्युडर ब्लॅक बे फिफ्टी-एट, २०० मीटरचं. १९५८ साली ट्युडरचं पहिलं २०० मीटरचं घड्याळ आलं होतं, त्याची आठवण या नावात आहे. हेलियमची झडप त्यात नाही. पैसे देण्याआधी डब्यावर कोरलेला क्रमांक हमीपत्राशी ताडून पाहिला, तारीख घालून घेतली (हमी ५ वर्षांची आहे), आणि पट्ट्यातून काढलेल्या कड्या मागून घेतल्या. त्या विसरू नका. वय वाढतं तसं मनगटही बदलतं. पॅन कार्ड बरोबर होतं, म्हणून दुसरी फेरी वाचली.

गेल्या महिन्यात पुन्हा तारकर्लीला जायचं ठरलं तेव्हा आधी घड्याळ दाबाच्या तपासणीला दिलं. गॅस्केटं ठीक निघाली. होडीत बसल्यावर चावी घट्ट आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा हिने.