कंपायलर बदलण्याची वेळ

फेडोरा लिनक्सची ४०वी आवृत्ती २३ एप्रिल २०२४ रोजी बाहेर पडली. त्यातले बहुतेक सी आणि सी++ प्रोग्रॅम जीसीसी १४ या कंपायलरने तयार केलेले होते. तो कंपायलर अधिकृतपणे प्रसिद्ध झाला ७ मे रोजी, म्हणजे दोन आठवड्यांनी! अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम एका अप्रकाशित कंपायलरच्या भरवशावर उभी राहिली, आणि तीही पूर्ण विचारान्ती.

माणसाने लिहिलेल्या कोडचं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर करणं हे कंपायलरचं काम. तो बदलला, की सोर्स कोडची एकही ओळ न बदलता प्रत्येक प्रोग्रॅम आतून बदलू शकतो. त्यातून काय काय उघड्यावर येतं, हे पाहून थक्क व्हायला होतं.

२००८ सालचा जीसीसी ४.३ घ्या. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये डायरेक्शन फ्लॅग नावाचा एक बिट असतो. मेमरीची नक्कल पुढे सरकत करायची की मागे, ते त्यावर ठरतं. उलट नक्कल करणाऱ्याने काम संपताच तो बिट पूर्ववत करायचा, जसा पाणी भरून झाल्यावर नळ बंद करायचा, असा लिखित नियम आहे. जुना जीसीसी तरीही दरवेळी स्वतः खात्री करून घेई. ४.३ने नियमावर विश्वास ठेवून ती जादा सूचना गाळली. पण लिनक्सचा गाभा असलेला कर्नल सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवणारी सूचना, पोचवताना तो बिट साफ करतच नव्हता! प्रोग्रॅम उलट नक्कल करत असताना नेमका सिग्नल आला, तर तो हाताळणारा कोड (हँडलर) मेमरीत भलत्याच दिशेने लिहीत सुटला असता. कंपायलर नियमाला धरून होता; कर्नलचा दोष मात्र जुन्या कंपायलरच्या सावधगिरीमुळे वर्षानुवर्षं झाकला गेला होता. कर्नल दुरुस्त झाला, पण नव्या कंपायलरचे प्रोग्रॅम जुन्या कर्नलवरही चालणार होतेच. आधी काय बदलायचं, हा प्रश्न असा अवघड होतो.

जीसीसी १४ची गंमत याहून सूक्ष्म. घोषित न केलेलं फंक्शन वापरण्याची सवलत सी भाषेने १९९९ सालीच काढून घेतली होती. जीसीसी मात्र इतकी वर्षं नुसती ताकीद देई; १४पासून ती चूक धरली जाऊ लागली. आता बऱ्याच पॅकेजांमध्ये बांधणीआधी छोटे चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून ‘ही सोय या यंत्रावर आहे का?’ हे तपासतात. त्या चाचणीतच अशी जुनी चूक असेल, तर उत्तर ‘नाही’ येतं. पॅकेज विनातक्रार तयार होतं, फक्त त्यातली एखादी सोय गुपचूप नाहीशी झालेली असते. म्हणूनच फेडोराच्या मंडळींनी जीसीसी १४ येण्याच्या कितीतरी आधीपासून अशी पॅकेजं हुडकून दुरुस्त करायला घेतली होती.

घाई अंगाशी आल्याचं उदाहरणही याच घराण्यातलं आहे. सन २०००मध्ये फेडोराचं पूर्वज असलेलं रेड हॅट लिनक्स ७.० ‘जीसीसी २.९६’ घेऊन आलं. अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही, असं जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावं लागलं. तिने बांधलेले सी++ प्रोग्रॅम आधीच्या २.९५शी जुळेनात, आणि पुढे येणाऱ्या ३.०शीही जुळणार नव्हते. कर्नल बांधायला तर वेगळा जुना कंपायलर सोबत द्यावा लागला.

मग आजची फेडोरा तेच करते का? नाही. जीसीसीची नवी आवृत्ती साधारण एप्रिल-मेमध्ये येते. जानेवारीत तिच्यात नवं काही घालणं थांबलेलं असतं, फक्त दोषदुरुस्ती चालू असते. त्याच सुमारास फेडोरा आपली वीस हजारांहून अधिक पॅकेजं नव्याने बांधते. इतकी मोठी चाचणी कंपायलरच्या स्वतःच्या चाचणीसंचाला शक्य नाही.

ज्यांना दहा वर्षं स्थैर्य हवं, त्यांची गोष्ट वेगळी. २०२२ साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९चा मूळ कंपायलर जीसीसी ११, आणि तोच कायम राहतो. नवे कंपायलर वेगळ्या संचातून मिळतात. बँकेच्या सर्व्हरसाठी हेच योग्य. पण कुणीतरी आधी जायलाच हवं, आणि माझ्या मते फेडोराने निवडलेली वेळ सर्वांत चांगली आहे: जानेवारीत सापडलेला कंपायलरचा दोष मेपूर्वी दुरुस्त झाला, तर तो बाकी कोणाच्याच वाट्याला येत नाही.