स्फोटक शारीरिक क्षमता, स्त्री-पुरुषांतील
अत्यल्प काळात जास्तीत जास्त शक्ती प्रकट करण्याच्या शरीराच्या सामर्थ्यास स्फोटक क्षमता म्हणतात. उडी, फेक, भारोत्तोलन व १०० मी. धावण्याची शर्यत यांत ती प्रामुख्याने कसास लागते. अशा श्रमास लागणारी ऊर्जा पहिली काही सेकंद मुख्यत्वे स्नायूंतील अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट व क्रिएटिन फॉस्फेट या संयुगांपासून आणि पुढे ग्लायकोजेनाच्या ऑक्सिजनविरहित विघटनापासून मिळते. ही यंत्रणा स्त्री व पुरुष या दोहोंत सारखीच असते. भेद आढळतो तो तिच्या परिमाणात.

वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या क्षमतेतील अंतर थोडे असते. पुढे मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वेगाने वाढते. प्रौढ पुरुषांच्या रक्तात त्याचे प्रमाण स्त्रियांच्या सु. १५ पट असते. परिणामी स्नायूंचे वस्तुमान, जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंची जाडी आणि उंची वाढते. स्त्रियांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक राहते. मेदविरहित वस्तुमानाच्या प्रमाणात शक्ती मोजल्यास हे अंतर बरेच कमी होते. पायांपेक्षा हात व खांदे यांच्या बाबतीत ते अधिक असते.

१०० मी. शर्यतीत पुरुषांचा जागतिक उच्चांक ९·५८ सेकंद (यूसेन बोल्ट, २००९), तर स्त्रियांचा १०·४९ सेकंद (फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर, १९८८) असा आहे. म्हणजे स्त्रियांना सु. ९·५ टक्के जास्त वेळ लागतो. लांब उडीत ८·९५ मी. (माइक पॉवेल, १९९१) व ७·५२ मी. (गालिना चिस्त्याकोवा, १९८८) यांतील अंतर सु. १६ टक्के आहे. गोळाफेकीत मात्र गोळ्यांचे वजन अनुक्रमे ७·२६ व ४ किग्रॅ. असल्याने उच्चांकांची थेट तुलना करता येत नाही.

स्त्रियांच्या स्पर्धा स्वतंत्र ठेवण्याचे प्रमुख कारण हा भेद होय. तथापि तो समूहांतील भेद असून त्यावरून एखाद्या व्यक्तीची क्षमता ठरविता येत नाही. निष्णात धाविका सामान्य पुरुषांना सहज मागे टाकते. समूहाचा निकष व्यक्तीस लावण्यातील अडचण भारतीय धाविका द्युती चंद हिच्या प्रकरणात स्पष्ट झाली. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनच्या अधिक प्रमाणावरून तिला २०१४ मध्ये स्पर्धांतून वगळण्यात आले. परंतु त्यामुळे नेमका किती लाभ होतो, याचा पुरेसा पुरावा नसल्याने क्रीडा लवादाने २०१५ मध्ये संबंधित नियम स्थगित केला. २०१८ मध्ये ४०० मी. ते १ मैल या अंतरांपुरते नवे नियम करण्यात आले व २०२३ मध्ये ते मैदानी स्पर्धांच्या सर्व प्रकारांना लागू झाले. समान संधी आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांचा मेळ कसा घालावा, हा वाद त्यानेही मिटलेला नाही.