पहिले ४४६ बाइट

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि 'जुना लॅपटॉप भंगारात काढू नका, लिनक्स टाका' हा सल्ला सगळीकडून मिळू लागला. सल्ला चांगलाच आहे. पण लिनक्स कसे टाकावे हे सांगणारे पैशाला पासरी. नाही जमले तर परत कसे फिरावे, हे फारसे कोणी सांगत नाही.

मग व्हायचे ते होते. माणूस विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचे पार्टिशन उडवतो, मशीन रीस्टार्ट करतो आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उमटते. विंडोज शाबूत असते. तिथवर नेणारा बूटलोडर मात्र अर्धा उडालेला असतो. त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, उरलेला बराचसा नुकत्याच पुसलेल्या पार्टिशनमध्ये. म्हणून आधी हा पहिला, म्हणजे बूट सेक्टर पूर्ववत करायचा, पार्टिशन नंतर उडवायचे.

बायोसच्या जमान्यातल्या मशीनमध्ये हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे बूट कोड, पुढचे ६४ पार्टिशन टेबल आणि शेवटचे दोन सही. मूळ सेक्टरची प्रत असेल, तर 'डीडी' कमांडने पहिले ४४६ बाइटच परत लिहावेत. मधल्या काळात पार्टिशन बदलली असतील आणि तुम्ही सगळे ५१२ लिहिलेत, तर जुने टेबल परत येते आणि डेटा सापडेनासा होतो.

पण प्रत असते कुठे? एकेकाळचा लिनक्सचा बूटलोडर 'लिलो' ती आपणहून ठेवायचा, 'बूट' फोल्डरमध्ये, आणि एकदा ठेवलेल्या प्रतीवर पुन्हा लिहायचा नाही. 'लिलो -यू' म्हटले की मूळ सेक्टर परत. एवढी रीत तर व्हायरसही पाळत. १९८६ साली लाहोरमधून निघालेला 'ब्रेन' फ्लॉपीचा मूळ बूट सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवायचा. 'स्टोन्ड' हार्ड डिस्कचा सातव्या सेक्टरमध्ये. त्यांचा हेतू लपून राहण्याचा होता, हे मान्य. तरीही आजचा सर्वत्र वापरला जाणारा ग्रब अशी प्रत न ठेवताच वर लिहितो, हे मला आळशीपणाचे वाटते. ४४६ बाइटांना कितीशी जागा लागते?

प्रत नसेल तर विंडोजच्या रिकव्हरीत 'बूटरेक /फिक्सएमबीआर' आहे. तो टेबलला हात न लावता मायक्रोसॉफ्टचा साचेबंद कोड लिहितो. काम भागते, पण ते मूळ नव्हे. काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीने याच जागेत रिकव्हरीच्या कळीची सोय केलेली असे, ती जाते.

नव्या यूईएफआय मशीनमध्ये हे झंझट जवळपास संपले. तिथे प्रत्येक लोडर आपल्या फोल्डरमध्ये राहतो; सेटिंगमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणला की झाले. विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

जुने मशीन असेल, तर लिनक्स टाकण्यापूर्वीच पहिल्या सेक्टरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. त्याच डिस्कवर ठेवू नका.