राज्यकारभाराचे लोकशिक्षण : विद्यापीठाची व्याख्यानमाला आणि देहूरोडचा श्रोता

पुणे-मुंबई राजमार्गावर निगडी मागे टाकली की रस्त्याच्या कडेने लष्करी हद्दीच्या भिंती व तारांची कुंपणे दिसू लागतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द येथे संपते आणि देहूरोड कटक मंडळाची, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाची, हद्द सुरू होते. उत्तरेस काही किलोमीटरवर श्रीक्षेत्र देहू आहे. तेथे नगरपंचायत आहे. मुंबईच्या दिशेने सोमाटण्यास पोहोचावे तर तेथे ग्रामपंचायत, आणि त्यापुढे तळेगाव दाभाड्यास नगरपरिषद. चाकण-तळेगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा अंमल, तर या सर्वांवर २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नियोजनाची छाया. स्थानिक शासनाचे इतके विविध प्रकार इतक्या थोड्या अंतरात पाहावयास मिळण्याची ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जे पाठ्यपुस्तकातून शिकावे लागते ते येथील रहिवाशाला घरपट्टीच्या पावतीवरून कळते. निदान कळावयास हवे.

ते प्रत्यक्षात कितपत कळते, हा प्रश्न विद्यापीठांच्या सार्वजनिक व्याख्यानमालांशी निगडित आहे. राज्यशासन व राजकारण हा विषय वर्गाच्या चार भिंतींबाहेर, परीक्षेचे बंधन नसलेल्या प्रौढ श्रोत्यांपुढे मांडण्याची प्रथा पुणे परिसरात जुनी आहे, आणि तिचे स्वरूप पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे.

परंपरेचा धागा

विद्यापीठाने आपले ज्ञान गावोगाव नेऊन पोहोचवावे ही कल्पना इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये प्रत्यक्षात आणली. कामगार व स्त्रिया, ज्यांना विद्यापीठाची दारे बंद होती, त्यांच्यासाठी ही विस्तार-व्याख्याने होती. पुण्यात त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिच्यामागे विद्यापीठ नव्हते. परंतु सार्वजनिक प्रश्नावर अभ्यासू वक्त्याने बोलावे आणि सामान्य नागरिकाने शांतपणे ऐकून घ्यावे ही सवय शहराला तिनेच लावली.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू म्हणून बॅ. मुकुंदराव जयकर यांनी काम पाहिले. जयकर हे नुसते शिक्षणतज्ज्ञ नव्हते. १९३५ च्या भारत शासन अधिनियमाखाली स्थापन झालेल्या संघ न्यायालयाचे ते न्यायाधीश होते. केंद्र व प्रांत यांच्यातील अधिकारांची वाटणी हा त्यांच्या दैनंदिन कामाचा विषय होता. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत महाविद्यालयांच्या सहकार्याने चालणाऱ्या व्याख्यानमालेस त्यांचेच नाव देण्यात आले. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या, विद्यालयाच्या बाहेरचे. शब्द जड असला तरी काम साधे आहे : विद्यापीठाने वक्ता द्यावा, महाविद्यालयाने सभागृह व सतरंजी द्यावी, गावाने श्रोते द्यावेत. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, हे ज्यांनी अशा मालांचे संयोजन केले आहे त्यांना ठाऊक आहे.

याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेने काळे स्मृती व्याख्यानांची परंपरा चालविली. संस्थेच्या वार्षिक समारंभात, २९ जानेवारी १९३९ रोजी, गोखले सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यान दिले. १९३५ च्या अधिनियमाने योजिलेल्या संघराज्याची त्यांनी कलमवार चिकित्सा केली. सार्वजनिक व्याख्यान म्हणजे सोपे करून सांगितलेले थोडेसे काहीतरी, असा समज असणाऱ्यांनी ते छापील भाषण अवश्य चाळावे. श्रोत्यांना कलमे कळणार नाहीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी ती गाळली नाहीत.

देहूरोडशी डॉ. आंबेडकरांचा संबंध वेगळ्या कारणाने सर्वांना परिचित आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दरवर्षी त्या दिवशी येथे मोठा जनसमुदाय लोटतो. पुण्याचे व्याख्यान आणि देहूरोडची प्रतिष्ठापना यांची सांगड सहसा कोणी घालीत नाही, आणि ती ओढूनताणून घालण्याचे कारणही नाही. परंतु एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. कटक क्षेत्रातील स्थानिक स्वराज्य हा विषय केंद्राच्या सूचीत घालण्याची तरतूद त्याच १९३५ च्या अधिनियमात होती, आणि पुढे डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या समितीच्या राज्यघटनेतही ती कायम राहिली.

एका नागरिकाचे दोन मालक

ही तरतूद नीट समजून घेतल्याशिवाय देहूरोडचे राजकारण समजत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत स्थानिक शासन हा विषय राज्य सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणून ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका यांचे कायदे विधानमंडळ करते. कटक क्षेत्राची हद्द, तेथील स्थानिक शासन व तेथील घरांचे नियमन हे मात्र संघ सूचीच्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. परिणामी सोमाटण्याचा सरपंच राज्याच्या कायद्याने अधिकारावर येतो, तर देहूरोडचा सदस्य संसदेने केलेल्या कटक अधिनियम २००६ अन्वये. १९२४ च्या जुन्या कायद्याची जागा या अधिनियमाने घेतली.

महाराष्ट्रात अशी सात कटक मंडळे : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद व कामठी. (शेवटून दुसरे व तिसरे नाव येथे मंडळांच्या रूढ नावांप्रमाणे दिले आहे, ती शहरे आता छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर म्हणून ओळखली जातात.) २०११ च्या जनगणनेत देहूरोड कटकाची लोकसंख्या ४८,९६१ होती. पन्नास हजारांच्या आतील अशा मंडळासाठी अधिनियमाने सात निर्वाचित सदस्य ठरविले आहेत. त्यांच्यासमोर लष्करी ठाण्याचे प्रमुख अधिकारी पदसिद्ध अध्यक्ष, जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि नामनिर्देशित दोन लष्करी अधिकारी, असे सातच. समसमान. पंचायतीच्या बैठकीत बहुमताने ठराव करण्याची सवय असलेल्या वाचकाने ही बेरीज दोनदा करून पाहावी, म्हणजे उपाध्यक्षपदासाठी झटणाऱ्या निर्वाचित सदस्याच्या मर्यादा लक्षात येतील.

क्षेत्राचे खासदार व आमदार यांना मंडळाच्या बैठकीस विशेष निमंत्रित म्हणून बसता येते, परंतु मत देता येत नाही. राज्याच्या विधानसभेत कायदा करणारा प्रतिनिधी आपल्याच मतदारांच्या गटाराच्या ठरावावर हात वर करू शकत नाही! आणि तरीही निवडणुकीच्या प्रचारात नागरिक त्याच आमदाराला पाणी, रस्ते व घरांच्या परवानग्यांविषयी विचारतात. त्यात नागरिकांचा दोष नाही. पोलीस राज्याचे, सातबारा राज्याचा, शिधापत्रिका राज्याची. मग नळ तेवढा दुसऱ्याचा असेल हे कोणाच्या ध्यानात यावे?

मतदार यादीची गोष्ट याहून गंभीर आहे. पचमढी कटक मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असा निर्णय दिला, की कटक क्षेत्रातील अनधिकृत बांधकामात राहणाऱ्यास मंडळाच्या मतदार यादीत नाव नोंदविण्याचा हक्क पोहोचत नाही. विधानसभेच्या यादीला मात्र ही अट नाही. त्यामुळे एकाच खोलीत राहणारी एकच व्यक्ती राज्याचे सरकार निवडण्यास पात्र आणि वॉर्डाचा सदस्य निवडण्यास अपात्र ठरू शकते. राज्यशासनावरील व्याख्यान देहूरोडसारख्या ठिकाणी का हवे, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

हद्दीबाहेरचा परिणाम

ही गुंतागुंत कुंपणाच्या आतच थांबत नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे १९०३ च्या संरक्षण बांधकाम अधिनियमाखाली सभोवतालच्या २,००० यार्डांच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. निगडी, तळवडे, रुपीनगर या भागांतील लोक त्याला ‘रेड झोन’ म्हणतात. येथील रहिवासी महानगरपालिकेचे करदाते आहेत, राज्याच्या कायद्याखालील नगरसेवक निवडतात, आणि त्यांच्या घरावर बंधन आहे ते केंद्राच्या, तेही शंभर वर्षांहून जुन्या कायद्याचे. हा प्रश्न महानगरपालिकेच्या सभेत सुटणारा नाही, हे स्पष्टपणे सांगणारा वक्ता मतदारांना क्वचितच भेटतो. उमेदवाराला तसे सांगणे परवडत नाही. विद्यापीठातून आलेल्या प्राध्यापकाला परवडते, आणि सार्वजनिक व्याख्यानाचे मोल येथेच आहे.

करांच्या बाबतीतही असाच पेच आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला तेव्हा जकात व स्थानिक संस्था करास मुकलेल्या महानगरपालिकांना भरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. कटक मंडळे राज्याच्या कायद्याखालील नसल्याने त्या चौकटीत सहज बसेनात. केंद्राच्या मालमत्तेवर कर लावता येत नाही. तिच्याबद्दल सेवा आकार मिळतो, तो वेळेवर मिळत नसल्याची मंडळांची तक्रार जुनी आहे.

अभ्यास आणि व्यासपीठ

राज्याच्या राजकारणाचा शास्त्रीय अभ्यास मराठी मुलुखात फार जुना नाही. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. तेव्हा अभ्यासकांना प्रथमच राज्याएवढी मोठी प्रयोगशाळा मिळाली. पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि पुढे ग्रामीण नेतृत्वावरील त्यांचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पंचायत व्यवस्थेत पुढे येणारे नेते कोण, जमीन, जात व सहकारी संस्था यांच्याशी त्यांचे नाते काय, हे प्रश्न त्यांनी चव्हाट्यावरच्या गप्पांतून उचलून अभ्यासाच्या टेबलावर ठेवले. नंतरच्या पिढीत राजेंद्र व्होरा व सुहास पळशीकर यांनी हे काम इंग्रजीबरोबर मराठीतूनही चालविले. पळशीकर व नितीन बिरमल यांनी संपादिलेल्या ग्रंथात तर जिल्ह्याजिल्ह्यातील राजकारणाचे स्थानिक संदर्भच तपासले आहेत. ज्यांना जिल्हा परिषदेच्या आवारात वावरावे लागते अशा वाचकांना हे लेखन परके वाटणार नाही.

हे सारे संशोधन व्यासपीठावर येते तेव्हा त्याचा कस लागतो. महाविद्यालयातील विद्यार्थी वक्त्याला प्रश्न विचारीत नाही, कारण परीक्षेत तो प्रश्न येणार नसतो. निवृत्त डेपो कामगार मात्र विचारतो. त्याला केंद्र-राज्य संबंध या शब्दापेक्षा आपल्या घराचा नकाशा कोण मंजूर करतो यात अधिक रस असतो, आणि वस्तुतः दोन्ही प्रश्न एकच असतात.

सध्याचा पेच

देहूरोडच्या श्रोत्याकडे या काळात विचारण्याजोगे पुष्कळ आहे. कटक मंडळांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. मुदतवाढी मिळून निर्वाचित सदस्यांचा काळ फेब्रुवारी २०२१ मध्ये संपला. त्यानंतर अधिनियमातील तरतुदीनुसार अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व एक नामनिर्देशित नागरी सदस्य अशा तिघांच्या मंडळाकडे कारभार गेला. ३० एप्रिल २०२३ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली होती, परंतु मार्चमध्येच ती अधिसूचना रद्द करण्यात आली. शेजारी पिंपरी-चिंचवडमध्येही मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आले आणि महानगरपालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. कारणे निराळी होती : एकीकडे केंद्राचे कटक मंडळांविषयीचे धोरण, दुसरीकडे इतर मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद व प्रभागरचना. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या नागरिकाला मात्र काही वर्षे एकच अनुभव आला, तो म्हणजे तक्रार घेऊन जाण्यासाठी निवडून दिलेला माणूस नसणे.

कटक मंडळांतील नागरी वस्ती वेगळी काढून ती शेजारच्या स्थानिक संस्थेस जोडावी, असे केंद्राचे धोरण ठरले. हिमाचल प्रदेशातील योल येथे २०२३ मध्ये ते प्रथम अमलात आले आणि महाराष्ट्रातील मंडळांबाबतही प्रक्रिया हाती घेण्यात आली. देहूरोडच्या संदर्भात नाव येते ते पिंपरी-चिंचवडचे. हा विषय सभेत मांडणाऱ्या वक्त्याला केवळ फायदे-तोटे सांगून भागणार नाही. मंडळाच्या शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा व कर्मचारी कोणाकडे जाणार, जमिनीची मालकी कोणाची राहणार, जुन्या बांधकामांना कोणते नियम लागणार आणि मतदार यादी कोणत्या कायद्याने नव्याने तयार होणार, हे त्याला एकेक करून उलगडावे लागेल. किन्हई व चिंचोलीसारख्या गावठाणांतील शेतकऱ्याचे प्रश्न बाजारपेठेतील दुकानदारापेक्षा वेगळे असतील. नागरी वस्ती महानगरपालिकेत गेली तरी कुंपणापलीकडचे लष्करी ठाणे केंद्राच्याच अखत्यारीत राहील, आणि दारूगोळा कोठाराभोवतीचे २,००० यार्डांचे मोजमाप वस्ती कोणाकडे गेली यावरून बदलत नाही.